दिल्लीत 16, महाराष्ट्रात 778

प्रश्न : 2017 च्या गणपतीत माझ्या मोठ्या जाऊबाई स्वाइन फ्लूने गेल्या. वय 41. माझा भाऊ दिल्लीला असतो. त्याने त्या वर्षीचे सरकारी आकडे काढून दाखवले. महाराष्ट्रात 6,144 रुग्ण आणि 778 मृत्यू. दिल्लीत 2,835 रुग्ण आणि 16 मृत्यू. म्हणजे आपल्याकडे शंभरातले बारा-तेरा गेले आणि दिल्लीत दोनशेतला एक. तेव्हापासून सासूबाईंनी मनाला लावून घेतलंय, की तिला दिल्लीला नेलं असतं तर वाचली असती. खरंच एवढा फरक असतो का? आपल्याकडचे डॉक्टर कमी पडतात, की हवाच तशी आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी एवढं सांगा, की जाऊबाईंना दिल्लीला नेलं असतं तरी त्यांचा धोका शंभरात बारावरून दोनशेत एकावर आला नसता. हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत मी एकतीस वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, शेवटची काही वर्षं जिल्ह्यातल्या स्वाइन फ्लूच्या मृत्यूंचं परीक्षण करणाऱ्या समितीत बसले. हे आकडे कसे तयार होतात ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय.

तुमच्या भावाने आकडे बरोबर काढलेत. त्या वर्षी देशभरात 38,811 रुग्ण नोंदले गेले आणि 2,270 मृत्यू. चूक झाली ती भागाकारात. 778 ला 6,144 ने भागलं, पण ते 6,144 कोण?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फ्लूच्या रुग्णांचे तीन गट करतात. आम्ही त्यांना अ, ब, क म्हणायचो. साधा ताप, खोकला, अंगदुखी हा अ गट. त्याला घरी विश्रांती, तपासणीची गरज नाही. ताप जास्त आणि घसा फार दुखतोय, किंवा रुग्ण गरोदर आहे, मधुमेही आहे, वय 65 च्या पुढे आहे, तर तो ब गट. त्याला गोळ्या लगेच सुरू करायच्या, तपासणी इथेही नाही. धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं यांतलं काही दिसलं, की क गट. फक्त त्याचा स्वॅब घ्यायचा आणि त्याला भरती करायचं.

आमच्या जिल्ह्यात हे काटेकोर पाळलं जायचं. त्यामुळे ‘रुग्ण’ म्हणून नोंद व्हायची ती बहुतेक ऑक्सिजन लागलेल्या माणसाची. त्याच गावात त्याच आठवड्यात तापाने पडून चार दिवसांत उठलेली पन्नास माणसं त्या आकड्यात नसायची. आता एखादं मोठं शहर घ्या. खासगी लॅब जवळ आहे, हातात पैसे आहेत, ताप आला की दुसऱ्या दिवशी स्वॅब. तिथे अ गटातले, पाच दिवसांत ऑफिसला परत गेलेले लोकही ‘रुग्ण’ म्हणून मोजले जातात. एकीकडे आजाऱ्यांमधले सर्वांत अत्यवस्थ तेवढे मोजले, दुसरीकडे सगळे सरमिसळ, आणि मग दोन्हीकडची टक्केवारी शेजारी-शेजारी ठेवली. असा तो फरक येतो.

म्हणून रुग्णसंख्या बाजूला ठेवा आणि मृत्यूंना लोकसंख्येने भागा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 11 कोटी 24 लाख, दिल्ली 1 कोटी 68 लाख. हिशोब केला तर 2017 मध्ये महाराष्ट्रात दर दहा लाखांमागे साधारण 7 मृत्यू आणि दिल्लीत 1. टक्केवारीत बावीस पट दिसणारा फरक सात पटींवर आला. आता गुजरात पाहा. तिथे 7,709 रुग्ण आणि 431 मृत्यू, म्हणजे शंभरात साडेपाच. महाराष्ट्रापेक्षा निम्म्याहून कमी वाटतात. पण गुजरातची लोकसंख्या सहा कोटी. दहा लाखांमागे काढलं की तिथेही 7 च. दोन्ही राज्यांवर साथीचं ओझं सारखंच होतं. आपण तपासणीला हात आखडता घेतला, म्हणून आपली टक्केवारी फुगली.

पण सात आणि एक यांतला फरक उरतोच. तो मी झाकणार नाही. तमिळनाडूत त्या वर्षी 3,315 रुग्ण आणि फक्त 17 मृत्यू होते, हेही आहेच. यातला काही भाग खरा आहे. एखाद्या वर्षी विषाणू एका पट्ट्यात जोर धरतो, दुसऱ्यात नाही, आणि त्या वर्षी पश्चिम भारत होरपळला. रुग्ण दवाखान्यात कितव्या दिवशी पोचतो, यानेही खरा फरक पडतो. मात्र आणखी एक भाग आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मृत्यू फ्लूचा होता हे लिहितं कोण, आणि ते लिहायला शिकवलंय कुणी?

रुग्णालयात माणूस गेला की डॉक्टर नमुना 4, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र भरतो. घरी गेला तर 4 अ. त्यात पहिल्या भागात तीन ओळी असतात. वर मृत्यूचं तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली तेही कशामुळे. दुसऱ्या भागात सोबतचे आजार. फ्लूच्या रुग्णाचं बरोबर लिहायचं तर वर ‘श्वसनक्रिया निकामी’, खाली ‘न्यूमोनिया’, सर्वांत खाली ‘इन्फ्लुएंझा’, आणि दुसऱ्या भागात ‘मधुमेह’. रात्री अडीच वाजता, बाहेर नातेवाईक रडताहेत, ॲम्ब्युलन्सवाला घाई करतोय, अशा वेळी चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा वरच्या ओळीत लिहितो ‘हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडल्यामुळे’, खालच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारतो आणि सही करतो. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. तसं लिहू नका, आजार लिहा, अशी सूचना त्याच कागदावर छापलेली असते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही असे फॉर्म भरले आहेत. त्यांतले किती फ्लूचे होते ते आता कधीच कळणार नाही, आणि ही गोष्ट मला आजही सलते.

शिवाय देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले जेमतेम पाचातला एक. 2020 मध्ये हे प्रमाण साडेबावीस टक्के होतं. आपल्या शेजारी गोव्यात जवळजवळ सगळ्या मृत्यूंचं कारण प्रमाणित होतं; बाकी बऱ्याच राज्यांत परिस्थिती फार वाईट. म्हणजे एखाद्या राज्यात फ्लूचे मृत्यू कमी ‘दिसले’, तर तिथे माणसं वाचली असंही असेल, किंवा ती कशाने गेली ते कुणी पाहिलंच नाही असंही असेल.

हे मोघम वाटत असेल तर एकच तुलना देते. 2010 ते 2013 च्या आकडेवारीवरून संशोधकांनी काढलेला अंदाज असा, की भारतात फ्लूमुळे दरवर्षी सव्वा लाखाच्या वर माणसं श्वसनाच्या आणि हृदय-रक्ताभिसरणाच्या आजारांनी दगावतात. त्यांनी प्रमाणपत्रावरचा ‘फ्लू’ हा शब्द मोजला नाही. ज्या आठवड्यांत फ्लूचा विषाणू वाढतो, त्या आठवड्यांत या आजारांचे मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढतात ते पाहिलं. तुमच्या भावाने दाखवलेला देशाचा आकडा 2,270. वर्षं वेगळी आहेत, आणि 2,270 मध्ये फक्त एच1एन1 म्हणजे स्वाइन फ्लू आहे, फ्लूचे बाकीचे प्रकार नाहीत, हे लक्षात ठेवा. तरीही कुठे सव्वा लाख आणि कुठे दोन हजार. उरलेली माणसं ‘म्हातारपण’, ‘दमा’, ‘हार्ट अटॅक’ या नावांनी गेली. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये झालेला 2018 चा एक अभ्यास सांगतो, की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण सहा पट होतं. पावसाळ्यात आठवडाभर तापलेले आजोबा अटॅकने गेले, तर आपण फ्लूचं नाव तरी घेतो का?

आता तुमच्या जाऊबाईंच्या वर्षाबद्दल. त्याच गणपतीत आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. अडतिसाव्या वर्षी मधुमेह, घरात दोन मुली. गौरी आणायच्या दिवशी ताप भरला. घरात गौरी आहेत, नैवेद्य कोण करणार, म्हणून गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन त्या चुलीपुढे उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सलाइन. गौरी बोळवल्या आणि मग अंथरूण धरलं. तालुक्याला नेलं, तिथून आमच्याकडे. आल्या तो तापाचा सहावा दिवस. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात तीन चिठ्ठ्या होत्या, तिन्हींवर अँटिबायोटिक आणि तापाची गोळी. ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे लोक जिला टॅमीफ्लू म्हणतात ती गोळी, एकाही चिठ्ठीवर नव्हती. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 74 दाखवत होता. हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि नखं जांभळी. आम्ही गोळी तासाभरात दिली, पण ती पहिल्या 48 तासांत जे करते ते सहाव्या दिवशी करत नाही. दोन दिवसांनी बाई गेल्या. पुण्याहून स्वॅबचा रिपोर्ट त्यानंतर आला, पॉझिटिव्ह.

गावातल्या डॉक्टरला मी सरसकट दोष देणार नाही. 2017 पर्यंत ही गोळी औषधांच्या अनुसूची एक्समध्ये होती. विकायला वेगळा परवाना लागायचा आणि तालुक्याच्या गावी बहुतेक औषध दुकानांत ती मिळायचीच नाही. त्याच वर्षी ती अनुसूची एच1 मध्ये आणली, तेव्हापासून नेहमीच्या दुकानात चिठ्ठीवर मिळते. समितीत आम्ही एकेक केसपेपर वाचायचो तेव्हा वयं वेगळी, गावं वेगळी, पण ताप आला ती तारीख आणि पहिली गोळी दिली ती तारीख यांतलं अंतर मात्र तेच निघायचं. पाच दिवस, सहा दिवस, सात. माझ्या मते महाराष्ट्र आणि दिल्ली यांतला जो खरा फरक उरतो, त्यातला मोठा भाग या अंतराचा आहे. आणि असा फरक तुमच्याच जिल्ह्यात नाशिक शहर आणि सुरगाण्यासारखा दूरचा आदिवासी तालुका यांच्यातही असतो.

सासूबाईंना हे सगळं सांगू नका. त्यांना एवढंच सांगा, की दिल्लीचा आकडा वेगळ्या माणसांचा होता.

प्रश्न : आमच्या गावात म्हातारी माणसं ‘मानमोडीच्या साली’ घरंच्या घरं बसली असं सांगायची. पुढे वाचलं, की ती 1918 ची फ्लूची साथ. बंगालकडे म्हणे एवढं झालं नव्हतं. आमच्या वऱ्हाडातच इतकं का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तुमच्या म्हाताऱ्यांनी तसूभरही वाढवून सांगितलेलं नाही. 1918 ते 1920 या काळात निरनिराळ्या देशांत-प्रांतांत नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली याचा जो मोठा जागतिक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एका टोकाला डेन्मार्क आहे, लोकसंख्येच्या 0.2 टक्के, आणि दुसऱ्या टोकाला ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’, 7.8 टक्के. जगाच्या त्या यादीत सर्वांत तळाला तुमचा मुलूख आहे. शंभर उंबऱ्यांच्या, पाचशे वस्तीच्या गावातून चाळीसेक माणसं. मानमोडीचं साल लोकांनी तीन पिढ्या विसरलं नाही ते यामुळे.

साथ मुंबई बंदरातून जून 1918 मध्ये शिरली. तेव्हा ती तशी सौम्य होती. सप्टेंबरात परतली ती जीवघेणी होऊन. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत 768 मृत्यू झाले. तिथून ती आगगाडीच्या रुळांनी आत गेली. त्या वर्षी पाऊस फिरला होता, खरीप गेलं होतं, चारा नाही, विहिरी आटलेल्या, युद्धामुळे धान्य महाग. अर्धपोटी माणसांना साथीने गाठलं. पूर्व भारतात, बंगालकडे, ती पोचेपर्यंत तिचा जोर कमी झालेला होता.

पण प्रांताप्रांतातल्या फरकापेक्षा मला मुंबईच्या आरोग्य खात्याचे त्या वेळचे आकडे जास्त अस्वस्थ करतात. शहर एक, साथ एक, महिने तेच. युरोपियनांत हजारी 8.3 मृत्यू, पारशांत 9, आणि अहवालात ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटलंय त्यांच्यात 61.6. एकाच शहरात सात पट. चाळीतली एक खोली, त्यात आठ-दहा माणसं, नळ खाली आणि मजुरी बुडाली तर संध्याकाळचं जेवण नाही. यात हवा-पाण्याचा काही संबंध नाही, जातीने आणि दारिद्र्याने घातलेल्या भिंतींचा आहे. बायकाही पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. शुश्रूषा त्यांनी करायची आणि जेवायचं सर्वांत शेवटी. 2017 च्या गौरीतल्या त्या बाई मला इथे पुन्हा आठवतात.

आजच्या ऋतुमानाच्या फ्लूतही कल त्याच दिशेला आहे. 2017 च्या शेवटी आलेल्या जागतिक अंदाजानुसार दरवर्षी 2 लाख 90 हजार ते साडेसहा लाख माणसं फ्लूमुळे श्वसनाच्या आजारांनी दगावतात. लाखामागे सर्वांत जास्त दर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, 2.8 ते 16.5, आणि त्याखालोखाल आग्नेय आशियात, 3.5 ते 9.2. वयाप्रमाणे पाहिलं तर पंचाहत्तरीपुढच्यांत तो 51 ते 99 वर जातो. म्हणून दोन प्रदेशांची तुलना करताना म्हाताऱ्यांची संख्याही पाहावी लागते. केरळात वृद्ध जास्त, बिहारात कमी. वय जुळवून न घेता त्यांचे दर शेजारी मांडले तर केरळवर अन्याय होईल.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असतो. आई-वडील कोल्हापुरात, वय 70 आणि 74, वडिलांना मधुमेह. इथे सगळे फ्लूची लस ऑक्टोबरात घेतात, म्हणून त्यांनाही दरवर्षी ऑक्टोबरात घ्यायला लावतो. बरोबर आहे ना?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : लस घ्यायला लावता हे उत्तम, पण महिना बदला. न्यू जर्सीत फ्लू हिवाळ्यात वाढतो. कोल्हापुरात त्याचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा छोटा जोर जानेवारी ते मार्च. ऑक्टोबरात घेतलेली लस पुढच्या जुलैपर्यंत बरीच उतरलेली असते. त्यांनी एप्रिल-मेमध्ये घ्यावी. परिणाम सुरू व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणजे मृगाच्या आत झालेली बरी. सगळ्या भारतालाही एक महिना चालत नाही. श्रीनगरला फ्लू तुमच्यासारखा हिवाळ्यात येतो, चेन्नईला परतीच्या पावसात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला.

जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते वर्षातून दोनदा ठरवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात. खोक्यावर एनएच (उत्तर गोलार्ध) किंवा एसएच (दक्षिण गोलार्ध) असं वर्षासह छापलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये त्या वर्षाची एसएच मागावी. ती मिळाली नाही आणि मुदतीतली एनएच असेल, तर तीच घ्यावी, थांबू नये. राज्य सरकारने 2015 पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. वडिलांसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी चौकशी करायला सांगा.

ते हिवाळ्यात तुमच्याकडे येणार असतील, तर मेमध्ये इथली घेतलेली असली तरी ऑक्टोबरात तिकडची घ्यायला हरकत नाही. 65 वर्षांवरच्यांना तिकडे जास्त मात्रेची लस देतात, ती मिळाली तर चांगलंच.

लस घेतली तरी ताप येऊ शकतो. वडिलांच्या औषधांच्या डब्याच्या झाकणाला एक कागद चिकटवा. ताप आला की पहिल्या दिवशीच आईने त्यावर तारीख आणि वेळ लिहायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं, की यांना मधुमेह आहे, ऑसेल्टामिव्हिर सुरू करायची का. स्वतःहून गोळी आणायची नाही, पण विचारायला तिसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. ऑक्सिमीटर 94 च्या खाली गेला, धाप लागली किंवा वडील असंबद्ध बोलायला लागले, तर फोनही नको. रिक्षा बोलवायची, निघायचं, आणि तो कागद सोबत न्यायचा.